गावालगतचा मामा तलाव वाचवायचा आहे: शाळेने सुरुवात कुठून करावी?

चुलबंदकाठ

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमचे गाव पूर्वी धानाच्या बांध्यांनी, म्हणजे बांध घातलेल्या शेतांनी, वेढलेले होते. तालुक्याचे ठिकाण झाल्यापासून ते वाढत गेले, आणि गावाच्या पूर्वेचा सुमारे १४ हेक्टरांचा माजी मालगुजारी (मामा) तलाव, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळातला तलाव, आता तीन बाजूंनी प्लॉटांच्या मध्ये सापडला आहे. चौथ्या बाजूला पाळ, म्हणजे तलावाचा बांध, आहे आणि पाळीखाली अजून थोडे धान पिकते. वस्तीच्या दोन नाल्या थेट तलावात उतरतात. येव्याच्या, म्हणजे पाणी आत येते त्या, बाजूला बेशरम या झुडपाचे रान माजले आहे आणि नाल्यांच्या तोंडाशी जलपर्णी साचते. तरीही हिवाळ्यात येथे अडई, थापट्या आणि तलवार बदके उतरतात, वर्षभर वारकरी आणि टिबुकल्या हे पाणपक्षी दिसतात, आणि कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालताना पाहण्यासाठी माझे विद्यार्थी मधल्या सुट्टीत पाळीवर धावत जातात. सारसाची जोडी मी लहानपणी याच तलावाच्या काठावर पाहिली होती. माझ्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही सारस पाहिलेला नाही.

या उन्हाळ्यात तलावाचे सौंदर्यीकरण होणार आहे. संपूर्ण तळातील गाळ यंत्राने काढायचा, काठ सरळ उतरवून त्यावर दगडी पिचिंग करायचे, सभोवती पेव्हर ब्लॉकचा फिरण्याचा मार्ग करायचा आणि मध्यभागी कारंजे बसवायचे, असा प्रस्ताव आहे. गावातील बहुतेकांना तो आवडला आहे आणि त्यांचे म्हणणे मला समजते. वास येणाऱ्या पाण्याशेजारी राहणाऱ्या माणसाला स्वच्छ काठ हवासा वाटणारच. बैठकीत मी आक्षेप घेतला, तेव्हा मला अगदी सरळपणे विचारण्यात आले की, गुरुजी, या तलावात वाचवण्यासारखे नेमके काय आहे ते सांगा. मी चार पक्ष्यांची नावे सांगितली आणि त्यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. किती पक्षी, कोणत्या महिन्यात, पाणी किती खोल, कोणती वनस्पती कुठे, यांपैकी एकही गोष्ट आम्ही कधी लिहून ठेवलेली नाही.

आठवी-नववीचे ६० विद्यार्थी, एक दुर्बीण आणि आठवड्यातून दोन तास एवढे माझ्या हाती आहे. एवढ्यात असा कोणता अभ्यास करता येईल की जो मुलांना खरोखर काही शिकवेल आणि कार्यालयात मांडल्यावर टिकेलही? बेशरम आणि जलपर्णी काढण्याची योग्य पद्धत कोणती? कायद्याचा काही आधार आहे का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावे.

ढिवरटोला

गुरुजी, नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातील एका मासेमार सहकारी संस्थेचे काम पाहतो. आमच्या तीन पिढ्या तलावावर जगल्या आहेत, म्हणून आधी यंत्राविषयी लिहितो.

तलावाचा तळ सगळीकडे सारखा नसतो. पाळीजवळ तो खोल असतो आणि येव्याच्या बाजूला हळूहळू उथळ होत जातो. तलावाचे सगळे जीवन त्या उथळ भागात आहे, कारण तेथे तळापर्यंत ऊन पोहोचते आणि पाण्याखालच्या वनस्पती वाढतात. पहिल्या जोरदार पावसात येव्याचे पाणी तलावात येते, तेव्हा देशी मासे त्या वाहत्या पाण्यावर चढून गवतात अंडी घालतात आणि पिल्ले तेथेच लपून मोठी होतात. मरळ, मागूर यांसारख्या माशांचे बीज कोणी विकत आणत नव्हते. यंत्राने सगळा तळ एकसारखा खोल केला की पाणी जास्त साठते हे खरे, परंतु तळाच्या वरच्या थरात असलेले वनस्पतींचे कंद आणि बियाणे गाळाबरोबर शेतात जाते, आणि तलाव म्हणजे पाणी भरलेला खड्डा उरतो. असे तलाव मी पाहिले आहेत. पहिल्या वर्षी सर्वांना आनंद होतो. तिसऱ्या वर्षी जाळ्यात बाहेरून आणून सोडलेल्या माशांखेरीज काही येत नाही आणि बदकेही उतरत नाहीत.

गाळ काढूच नये असे मी म्हणत नाही. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ साली आली तेव्हापासून शेतकऱ्यांना त्या मातीचा लाभ झाला आहे, आणि आमचे पूर्वजही तलाव आटला की त्यातील माती बैलगाडीने शेतात नेत असत. मात्र ते पाळीकडील खोल भागातून नेत, थोडी थोडी नेत, आणि येव्याचा उथळ भाग तसाच राहू देत. तुमच्या प्रस्तावात एवढा एक बदल करून घेता आला, म्हणजे यंत्र पाळीकडील भागातच चालेल आणि येव्याची बाजू सोडली जाईल, तरी अर्धा तलाव वाचला असे मी समजेन.

बेशरम हाताने आणि मुळासकट काढावी लागते. तिचा तोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला तरी पुन्हा फुटतो, म्हणून कापून तेथेच टाकून देणे म्हणजे तिची लागवड करणेच होय. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की खोदून काढावी, काठापासून दूर कोरड्या जागी वाळवावी आणि दुसऱ्या उन्हाळ्यात उरलेले फुटवे पुन्हा काढावेत. तिचा चीक अंगाला लागू देऊ नये, आणि ती जनावरांना विषारी असल्यामुळे ढिगावर शेळ्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. हे काम मुलांकडून करून घेऊ नका. रोजगार हमीतून मजुरांकडून होऊ शकते का, ते विचारा.

आमच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर या मासेमार समाजाच्या संस्थांबरोबर हे काम अनेक तलावांवर केले आहे. बेशरम काढायची, उन्हाळ्यात तळाचा काही भाग नांगरायचा आणि पाऊस सुरू झाल्यावर दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती तेथे लावायच्या, अशी ती पद्धत आहे. त्यानंतर देशी मासे आणि पक्षी परत येताना आम्ही डोळ्यांनी पाहिले. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर लावायची, हे ज्ञान तेथे आमच्या म्हाताऱ्या माणसांकडून आले. तुमच्या वर्गात ढिवर घरची मुले असतील, तर त्यांच्या आजोबांना एक दिवस पाळीवर बोलवा आणि मुलांना लिहून घेऊ द्या.

आणखी एक गोष्ट तपासा. तलाव मासेमारीसाठी कोणाला ठेक्याने दिला आहे, आणि त्यात गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, सोडला जातो का? तो पाण्यातील वनस्पतीच खातो. तो असेल तर तुम्ही लावलेले सगळे त्याच्या पोटात जाईल. संस्थेशी भांडू नका, त्यांना सोबत घ्या. त्यांचे पोट त्यावर आहे.

निस्तार

गुरुजी, कायद्याविषयी लिहितो. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे, वकील नाही. त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी एखाद्या वकिलाला कागद दाखवावेत.

पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांच्यात अतिक्रमण, घनकचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि मागील दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरांच्या आत पक्के बांधकाम करणे यांना मनाई आहे. हे वाचून अनेक जण उत्साहाने अर्ज करतात आणि मग अडतात, कारण याच नियमांनी सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी वा मत्स्यपालनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. मामा तलाव सिंचनासाठीच बांधलेले, त्यामुळे समोरची बाजू हाच मुद्दा मांडेल. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात नोंदलेल्या, २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना पूर्वीच्या, म्हणजे २०१० च्या नियमांतील चौथ्या नियमाच्या तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचा आदेश दिला होता. तुमचा तलाव १४ हेक्टरांचा आहे, म्हणजे तो त्या नकाशासंग्रहात असण्याची बरीच शक्यता आहे. आधी ते पाहा. गावतळी आणि सामाईक जमिनी यांवरील अतिक्रमणे नियमित करू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ सालचा जगपाल सिंग प्रकरणातील निकालही जोडता येईल.

माझ्या अनुभवात यापेक्षा जुने कागद अधिक उपयोगी पडतात. मालगुजारी संपुष्टात आली ती १९५१ साली, आणि त्यानंतर हे तलाव सरकारकडे आले; परंतु गावकऱ्यांचे पाण्यावरचे, चराईचे आणि मासेमारीचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवले गेले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम १६१ आणि १६५ खाली विदर्भात या नोंदींना आजही स्थान आहे. तहसील कार्यालयातून दोन्हींच्या नकला, तलावाच्या गटाचा सातबारा आणि गावनकाशा मागवा. नंतर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करा, कारण तलावाची हद्द जमिनीवर खुंट्या ठोकून दाखवल्याखेरीज अतिक्रमणाची चर्चा पुढे सरकत नाही.

तलाव नेमका कोणाकडे आहे, तेही पाहा. १०० हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे असे तलाव सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात. तसे असेल, तर सौंदर्यीकरण करणाऱ्या संस्थेने त्या विभागाची संमती घेतली आहे का आणि पाळीखालच्या धानाच्या पाण्याचा विचार केला आहे का, हे विचारण्याचा अधिकार त्या शेतकऱ्यांना आहे. ते शेतकरी तुमच्या बाजूने उभे राहिले, तर बैठकीतील बोलणे बदलेल.

चुलबंदकाठ

दोघांचेही मनापासून आभार. नववीच्या एका मुलीचे आजोबा तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, उघडण्याचे काम करीत असत, हे मला आजच वर्गात विचारल्यावर कळले. सहा वर्षे या शाळेत असून मला ते ठाऊक नव्हते, याची खंत वाटते.

निस्तार साहेब, सातबाऱ्यासाठी उद्याच अर्ज करतो. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाविषयी मात्र अजून मार्गदर्शन हवे आहे.

देवधान

सर, मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पूर्व विदर्भातील तलावांच्या पाणवनस्पतींवर काम करते. तुमच्या बैठकीतील प्रश्न मला योग्य वाटतो. 'वाचवण्यासारखे काय आहे' याचे उत्तर तारीख, जागा आणि आकडा यांच्यासह देता आले पाहिजे, आणि ते शाळकरी मुले देऊ शकतात, अट एवढीच की दर वेळी तीच जागा, तीच वेळ आणि तीच पद्धत असावी. एका दिवशी शंभर गोष्टी मोजण्यापेक्षा वर्षभर पाच गोष्टी मोजलेल्या अधिक मोलाच्या ठरतात.

पहिली गोष्ट पाण्याची पातळी. तुडुमाजवळच्या दगडी भिंतीवर रंगाने सेंटिमीटरची पट्टी आखून घ्या आणि दर सोमवारी एका विद्यार्थ्याला ती वाचायला लावा. शाळेत पर्जन्यमापक असेल, तर रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदवा. सांडव्यावरून पाणी कोणत्या दिवशी वाहू लागले आणि कोणत्या दिवशी थांबले, ही नोंद चुकवू नका. ५० मीटरांची रेषा कोठून मोजायची, या प्रश्नाला पुढे तीच उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट पाण्याची पारदर्शकता. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल चकती घ्या, तिचे चार समान भाग करून आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, मध्ये वजन आणि खुणा केलेली दोरी बांधा. चकती पाण्यात सोडताना ज्या खोलीवर दिसेनाशी होते आणि वर ओढताना ज्या खोलीवर पुन्हा दिसते, त्या दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवसाचे माप. हे १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने सुरू केलेले तंत्र जगभरातील तलावांवर आजही वापरले जाते. पाण्याखालच्या वनस्पती कोणत्या खोलीपर्यंत जगू शकतील, याचा अंदाज मुलांना त्यावरून स्वतः बांधता येतो, आणि ढिवरटोला भाऊंनी उथळ भागाविषयी जे लिहिले ते त्यांना आकड्यांत दिसते. नावेत मुलांना बसवू नका. हे माप मासेमार भावांकडून घ्या आणि नोंद मुलांनी काठावर करावी.

तिसरी गोष्ट विरघळलेला प्राणवायू. तो मोजण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. दिवसा उन्हात वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू सोडतात, रात्री सगळेच तो वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारी बारा वाजता घेतलेला नमुना सांडपाण्याचा तलावही निरोगी असल्याचे दाखवू शकतो. सूर्योदयाच्या सुमारास नाल्याच्या तोंडाशी आणि पाळीजवळ असे दोन नमुने घ्या. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला विंकलर पद्धतीने ते तपासून देण्याची विनंती करा, आणि प्राणवायू बाटलीतच बांधून ठेवणारी रसायने जागेवर घालावी लागतात, म्हणून त्यांचाच एखादा विद्यार्थी सोबत बोलवा. पहाटे प्राणवायू प्रतिलिटर ४ मिलिग्रॅमच्या खाली राहत असेल, तर मासे ताणाखाली आहेत असे समजावे. पावसाळ्यात दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले की काही तलावांत सकाळी मासे मरून तरंगताना दिसतात. अशा वेळी विष टाकल्याचा संशय घेतला जातो. पुष्कळदा खरे कारण प्राणवायूच्या अभावाचे असते.

येथे जलपर्णीविषयी स्पष्ट लिहिते. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती आहे आणि अनुकूल पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिला वाढवतात ती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद. नाल्या तशाच ठेवून जलपर्णी काढणे म्हणजे दर वर्षी तेच देयक भरत राहणे आहे. कारंज्यापेक्षा त्या दोन नाल्यांच्या तोंडाशी गाळ बसण्याची एकेक टाकी आणि त्यापुढे पाणकणीस या पाणवनस्पतीचा लहान पट्टा तयार करण्याची मागणी करा. पाणकणीस स्वतःही पसरते, म्हणून दर वर्षी ते कापून पट्ट्याबाहेर न्यावे लागेल. माझ्या मते तुमच्या प्रस्तावातील सर्वांत मोठी चूक दगडी पिचिंगची आहे. सरळ उताराच्या दगडी काठावर ना वनस्पती रुजते, ना तुतवार पक्षी चालतो, ना पाणकोंबडीला घरटे बांधता येते. फिरण्याचा मार्ग पाळीच्या बाजूनेच ठेवा आणि येव्याचा काठ मातीचा राहू द्या.

चौथी गोष्ट पक्षी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते; त्यात तुमच्या तलावाची नोंद देता येईल. त्याशिवाय दर महिन्याच्या एका ठरलेल्या सकाळी पाळीवरील त्याच दोन ठिकाणांवरून अर्धा-अर्धा तास मोजा आणि आकडे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. एखादा पक्षी दिसला नाही, तर तेही लिहा. सारसासाठी शून्य लिहिताना मुलांना वाईट वाटेल, पण ते शून्य लिहिलेच पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, ती अशा मोजणीतून पुढे आलेल्या आकड्यांमुळे. सारस तलावाच्या काठावरील एलिओकॅरिससारख्या लव्हाळ्यांचे कंद खणून खातो आणि धानाच्या बांध्यांत घरटे करतो. त्यामुळे त्याचा प्रश्न तलाव आणि बांधी या दोन्हींचा आहे, हेही मुलांना समजावे.

पाचवी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे. वनस्पतींची एक वही करा, आणि प्रत्येक वनस्पतीसाठी तीन रकाने ठेवा: ढिवर किंवा शेतकरी तिला काय म्हणतात, प्रमाण मराठीत काय म्हणतात, आणि शास्त्रीय नाव काय. पहिला रकाना आजी-आजोबांनी सांगायचा, तिसरा मी भरून देईन. देवधान, शिंगाडा, कमळ यांपासून सुरुवात करा. देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारे रानटी भात, आणि ते कोणत्या उपासाला कोणाच्या घरी शिजत असे, एवढे विचारले तरी गोष्टी सुरू होतील. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या गावची नोंदवही मागून पाहा. तलावाचे पान कोरे किंवा त्रोटक असेल, तर मुलांची वही ठरावाने तिला जोडून घ्या. त्यानंतर ती एका वर्गाची कृतिपुस्तिका राहत नाही, गावाचा दस्तऐवज होते.

निस्तार

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. मुलांच्या नोंदींवर तारीख, वेळ आणि नोंद करणाऱ्याची सही असू द्या आणि दर महिन्याच्या शेवटी मुख्याध्यापकांचा शिक्का घ्या. कार्यालयात अशा कागदाला वेगळे वजन येते.

चुलबंदकाठ

देवधान ताई, आपले उत्तर छापून शिक्षक-कक्षात लावले आहे. जानेवारीतील पक्षीगणनेपासून सुरुवात करतो. काल संध्याकाळी पाळीखालच्या काही शेतकऱ्यांना भेटलो. यंत्र फक्त पाळीकडील भागात चालावे आणि सांडव्याची उंची बदलू नये, असा अर्ज ते स्वतःच्या सहीने लघुपाटबंधारे विभागाकडे देणार आहेत. गाळ त्यांना हवाच आहे, त्यामुळे हा मधला मार्ग त्यांना पटला. दगडी पिचिंगबाबत बैठकीत अजून कोणाचेही मन वळलेले नाही.

मुलीचे आजोबा शनिवारी पाळीवर आले. त्यांनी अर्ध्या तासात मुलांना ११ वनस्पतींची नावे सांगितली आणि त्यांपैकी चार आता या तलावात उरलेल्या नाहीत, असेही सांगितले. ती चार नावे वहीत वेगळ्या पानावर लिहिली आहेत. ढिवरटोला भाऊ, त्यांची रोपे आपल्या भागातील तलावांत मिळतील का?

ढिवरटोला

गुरुजी, नावे येथे लिहा. दोन तरी नक्की मिळतील असे वाटते. मात्र आता आणू नका, उन्हाळ्यात ती जगणार नाहीत. बेशरम आधी काढून घ्या. मृगाचा पाऊस चांगला पडून तलावात गुडघाभर पाणी आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या. सोबत चार-पाच बारदाने आणा. रोपे मुळांच्या चिखलासकट काढून ओल्या बारदान्यात गुंडाळून देऊ, आणि ती त्याच संध्याकाळी लावावी लागतील. जलपर्णीचा एखादा तुकडा त्यांत येणार नाही, हे बारदाना बांधण्यापूर्वी मी स्वतः पाहीन. आजोबांना बरोबर आणता आले तर फार बरे होईल, कोणते रोप किती पाण्यात लावायचे ते त्यांनाच विचारू.